मृत्युपत्रासाठी नागपुरात वकील शोधताना: आधी मालमत्तेचे कागद काढा

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७६ वर्षांचे, निवृत्त. मानेवाड्याकडे लेआउटमधल्या प्लॉटवर बांधलेलं घर, काटोल तालुक्यात आजोबांपासून आलेली संत्र्याची बाग, बँकेत ठेवी, थोडे शेअर्स. आई हयात. थोरला मुलगा नागपुरात, धाकटा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. 'इस्टेट प्लॅनिंग'चा चांगला वकील नागपुरात कुठे मिळेल, तो ओळखायचा कसा आणि फी कशी ठरते?

'इस्टेट प्लॅनिंग' अशी पाटी नागपुरात शोधत बसू नका. सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिराच्या आसपास दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, महसूल, अपघात दावे अशीच कामाची विभागणी चालते. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, वारसा प्रमाणपत्र ही सगळी कामं दिवाणी वकील करतात. त्यातला जो हे नियमित करतो तो हवा, आणि तो तुमच्या कागदांवरून ठरतो. म्हणून वकिलाचं नाव विचारण्याआधी एक संध्याकाळ घरचं कपाट उघडण्यात घालवा.

प्रत्येक मालमत्तेसाठी एक पान करा: कुणाच्या नावावर, कशी आली (विकत, वारसाने, बक्षीस, वाटणी), कोणता कागद आहे, कर्ज आहे का, नॉमिनी कोण. नागपूरच्या जमिनीबाबत त्यात आणखी एक रकाना लागतो: जमिनीचा प्रकार. जुन्या वस्तीत घर असेल तर जागा नझुलची, म्हणजे सरकारने पट्ट्याने (भाडेकराराने) दिलेली, असू शकते. मग आखीव पत्रिकेवर (नगर भूमापनच्या प्रॉपर्टी कार्डवर) धारणाधिकार काय लिहिलाय, पट्ट्याची मुदत कधी संपली, नूतनीकरण झालं का, जागा फ्री-होल्ड (पूर्ण मालकीची) करून घेतली का, हे पाहावं लागतं. नागपूर सुधार प्रन्यासचा (एनआयटीचा) प्लॉट असेल तर पट्ट्याचा करारनामा आणि त्यातल्या हस्तांतराच्या अटी. तुमच्यासारखा खाजगी लेआउट असेल तर तो नियमित करायच्या १९०० किंवा ५७२ अनधिकृत लेआउटच्या यादीतला आहे का, गुंठेवारी अधिनियम २००१ खाली आर.एल. (नियमितीकरण पत्र) मिळालं का, मिळालं असेल तर कुणाच्या नावाचं. आणि सगळ्यात आधी: प्लॉटचं नोंदणीकृत विक्रीपत्र आहे का, की नुसतं गृहनिर्माण संस्थेचं कब्जापत्र, पावत्या आणि आममुखत्यारपत्र?

हा शेवटचा मुद्दा दक्षिण आणि पूर्व नागपुरात वारंवार अडतो. तीस-पस्तीस वर्षं घरात राहून, मालमत्ता कर भरून, मीटर नावावर असूनही विक्रीपत्र झालेलंच नसतं. आममुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. जी मालकी वडिलांकडे नाही ती मृत्युपत्राने मुलाकडे जाणार नाही, जाईल तो वडिलांचा जेवढा हक्क असेल तेवढाच. म्हणून अशा घरासाठी पहिलं काम मृत्युपत्राचं नसून विक्रीपत्र करून घेण्याचं, आणि ते वडील हयात असतानाच. कर पावती आणि वीज बिल मालकीचा पुरावा नव्हे, हे जो वकील पहिल्या भेटीत सांगत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

शेताचं वेगळं. सातबारा, आठ-अ आणि जितके मिळतील तितके जुने फेरफार (नावबदलाच्या नोंदी) काढा. 'आजोबांपासून आली' म्हणजे वडिलोपार्जित, असं घरात धरून चालतात. कायद्यात तेवढ्याने ठरत नाही. आजोबा १९५६ नंतर वारले आणि त्यांची स्वतःची जमीन हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरू शकते आणि तिचं पूर्ण मृत्युपत्र करता येतं. एकत्र कुटुंबाची असेल तर वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचं करता येतं, आणि त्या हिश्श्याच्या हिशेबात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही मुलाइतकीच धरावी लागते. दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये ठरलं. फेरफाराची तारीख पाहिल्याशिवाय यातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही. सातबारा सामाईक असेल तर मृत्युपत्रात 'उत्तरेकडची २ एकर बाग' असं लिहून उपयोग नाही. वाटणी झालेली नसताना दिशा देता येत नाही, अविभक्त हिस्साच लिहावा लागतो.

आता कागदांवरून वकील. शहरातल्या घरासाठी नझूल, प्रन्यास आणि नगर भूमापनची कागदपत्रं रोज हाताळणारा हवा. बँकांच्या गृहकर्जासाठी टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी) करणारे पॅनेलवरचे वकील यात पक्के असतात. कोणत्या लेआउटचं आर.एल. अडलंय, कोणत्या मौजाचा खसरा (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) दोनदा विकला गेलाय, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांची नावं बँकेच्या कर्ज विभागात सहज कळतात. पण टायटल तपासणारा प्रत्येक जण मृत्युपत्र चांगलं लिहितोच असं नाही. शेतासाठी महसुली कामाचा अनुभव असलेला, काटोलच्या तहसील आणि उपविभागीय कार्यालयात उभा राहणारा वकील सोयीचा पडतो. तिसरा गुण सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचीच चौकशी लोक करत नाहीत: या माणसाने मृत्युपत्राचे दावे कोर्टात चालवले आहेत का? ज्याने साक्षीदाराची उलटतपासणी घेतली आहे किंवा भोगली आहे, तो मसुदा लिहितानाच पुढची फिर्याद डोळ्यासमोर ठेवतो. नुसते मसुदे टाइप करणारा ठेवत नाही. कलेक्टर ऑफिसच्या परिसरातले दस्तलेखक साध्या भाडेपत्राला ठीक आहेत. मृत्युपत्र मात्र तिथे साच्यातलं मिळतं, आणि कधी कधी आधीच्या पक्षकाराचा पत्ता त्यात तसाच राहून जातो.

हे तिन्ही गुण एकाच माणसात सापडतातही. न सापडले तर मृत्युपत्र दिवाणी वकिलाकडून आणि घराचा टायटल सर्च दुसऱ्याकडून करून घ्या. खर्च थोडा वाढतो, पण वाया जात नाही.

नावं कुठून मिळवायची? ओळखीतल्या ज्या घरात गेल्या चार-पाच वर्षांत कुणी वारलं आणि नावं न भांडता चढली, त्या घराला विचारा. कुटुंबाचे सीए असतील तर त्यांना विचारा. शेअर्स आणि ठेवी वारसांच्या नावावर करताना कोणत्या वकिलाचे कागद परत येत नाहीत, हे ते सांगतात. वेकोलि (कोळसा कंपनी), मॉयल (मँगनीज कंपनी), रेल्वे, आयुध निर्माणी यांतल्या निवृत्तांच्या संघटनांमध्येही ही माहिती फिरत असते. इंटरनेटवरच्या 'नागपुरातील सर्वोत्तम १० वकील' छापाच्या याद्यांवर विसंबू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा पोर्टलांवर कारवाई करायला सांगितल्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियानेही तसे आदेश काढले. यादीतला क्रमांक हा पैशाचा क्रमांक असू शकतो.

नाव मिळालं की दोन तपासण्या घरबसल्या होतात. पहिली सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा सनद क्रमांक 'एमएएच', मग आकडा, मग वर्ष अशा रूपात असतो. तो मागायला संकोच करू नका, वकीलपत्रावर तो असतोच. दुसरी तपासणी ई-कोर्ट्सची. त्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर महाराष्ट्र, नागपूर जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. चालू आणि निकाली दोन्ही प्रकरणं पाहा. नुसते चेक बाउन्स आणि अपघात दावे दिसले तर वकील कामसू असेल, पण तुमच्या कामाचा नाही. दिवाणी दावे, वाटणीचे दावे, वारसा प्रमाणपत्राचे अर्ज, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) यांची नावं दिसायला हवीत. आडनावं सारखी असतात, म्हणून सनद क्रमांकाशी पडताळून घ्या.

पहिल्या भेटीला झेरॉक्स न्या, मूळ कागद नको. वडिलांना न्याच. त्यांच्याशिवाय मुलगाच वकिलाला सूचना देऊन मृत्युपत्र तयार करून आणतो, हीच पुढे सगळ्यात मोठी अडचण होते. ज्याला फायदा मिळतो त्यानेच वकील आणला, त्यानेच फी दिली, त्यानेच साक्षीदार बोलावले, तर कोर्ट त्याला संशयास्पद परिस्थिती मानतं आणि संशय दूर करायचा भार मृत्युपत्र मांडणाऱ्यावर पडतो. वेंकटाचल अय्यंगार प्रकरणातला १९५९ चा निकाल आजही प्रत्येक युक्तिवादात निघतो. म्हणून चांगला वकील तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगतो आणि वडिलांशी एकटा बोलतो. तुम्ही नागपुरातले थोरले असाल तर याचा राग मानू नका, हे तुमच्याच संरक्षणासाठी आहे. फीसुद्धा वडिलांच्या खात्यातून जाऊ द्या.

वकील काय विचारतो यावरून तो कळतो. वडिलांची आई हयात आहे का, हे विचारलं पाहिजे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलं आणि पत्नी यांच्याबरोबर आई येते, वडील येत नाहीत, आणि ९५ वर्षांच्या आजीचा हिस्सा सगळेच विसरतात. आधी कधी मृत्युपत्र केलं होतं का? पहिलं लग्न, दत्तक, कुणाला दिलेला शब्द, उसनवारी, चालू खटला? कुणाला कमी देताय आणि का? मुलीच्या लग्नात खर्च केला म्हणून तिला काही नाही, असं उत्तर आलं तर समजदार वकील ते कारण मृत्युपत्रात कोणत्या शब्दांत लिहावं यावर वेळ देतो. कारण न देता एकाला वगळलं की तोच दाव्याचा पहिला परिच्छेद होतो. याउलट नाव-पत्ता घेऊन 'परवा या, तयार ठेवतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

तुम्हीही विचारा: मसुदा कोण लिहिणार, तुम्ही की कनिष्ठ? दुरुस्तीच्या किती फेऱ्या? नोंदणीच्या दिवशी सोबत येणार का? याआधी तुम्ही कुटुंबातल्या कुणाचं काम केलंय का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. भावाच्या व्यवसायाचा वकील वडिलांचं मृत्युपत्र लिहील तर पुण्याचा भाऊ उद्या बोट दाखवणारच.

फीबद्दल सरळ बोला. सल्ला, कागदांची तपासणी, मसुदा, नोंदणीला हजेरी आणि नंतर बदल करायचे झाले तर त्याचे पैसे, असे भाग पाडून आकडा लेखी घ्या. सरकारी खर्च वेगळा दाखवायला सांगा, कारण घोळ तिथेच होतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, स्टँप पेपरही लागत नाही, साधा कोरा कागद चालतो. नोंदणी शुल्क १०० रुपये, शिवाय पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क. 'मुद्रांकाचे इतके हजार' असा आकडा मृत्युपत्राच्या बिलात दिसला तर पावती मागा. 'दावा जिंकलो तर मालमत्तेतला इतका हिस्सा' अशी फी वकिलाला घेताच येत नाही, बार कौन्सिलच्या नियम २० ने ती बंद आहे. आणि फी राहिली म्हणून वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे.

पैशाची अडचण असेल तर न्यायमंदिरातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

मसुदा हातात आला की आधी मालमत्तेचं वर्णन वाचा. 'माझे मानेवाडा येथील राहते घर थोरल्या मुलास द्यावे' एवढंच लिहिलं असेल तर परत करा. नागपूरच्या दस्तात वर्णन असं असतं: मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा क्रमांक, लेआउट करणाऱ्या संस्थेचं नाव, प्लॉट क्रमांक, चौरस फुटांत आणि चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ, नगर भूमापन क्रमांक आणि शीट क्रमांक, महापालिकेचा घर क्रमांक आणि वॉर्ड, चारही बाजूंना काय आहे, विक्रीपत्राचा दस्त क्रमांक आणि तारीख, आर.एल.चा क्रमांक. एक आकडा उलटा पडला तर आखीव पत्रिकेवर नाव चढवताना अर्ज परत येतो, आणि तेव्हा दुरुस्त करायला वडील नसतात. विक्रीपत्र समोर ठेवून दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं.

मग आईचा प्रश्न. बहुतेक मसुद्यांत घर थेट मुलाला देतात आणि आईबद्दल 'सांभाळ करावा' एवढं एक वाक्य असतं. त्या वाक्यावर आई सुनेला काही म्हणू शकत नाही. आईला हयातभर राहण्याचा हक्क, घर तिच्या संमतीशिवाय विकायचं किंवा गहाण ठेवायचं नाही, भाडं आलं तर ते तिला, असं स्पष्ट लिहा. किंवा घर आधी आईलाच द्या आणि तिचं वेगळं मृत्युपत्र त्याच आठवड्यात करा. नवरा-बायकोचं संयुक्त मृत्युपत्र टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालतात. घर दोघांच्या नावावर असेल तर वडिलांच्या मृत्युपत्राने फक्त त्यांचाच हिस्सा जाईल, आईचा नाही.

दोन कलमं साच्यातल्या मसुद्यांत नसतात. एक, ज्याला दिलं तो वडिलांच्या आधी वारला तर काय. दोन, यादीत न आलेली आणि पुढे मिळणारी मालमत्ता कुणाची. दुसरं कलम नसेल तर मृत्युपत्रानंतर घेतलेली प्रत्येक ठेव पुन्हा सगळ्या वारसांत विभागली जाते. व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा, एक्झिक्युटर) म्हणून एक नाव द्या, आणि त्याने नकार दिला तर पर्यायी दुसरं.

साक्षीदार दोन हवेत. वडिलांनी सही केलेली किंवा आपली सही असल्याची कबुली दिलेली दोघांनी पाहिली पाहिजे आणि दोघांनी वडिलांसमोर सही केली पाहिजे. दोघांनी एकाच वेळी हजर असणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी एकाच बैठकीत उरका. पुढे कोर्टात निदान एका साक्षीदाराला यावं लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६७. म्हणून वडिलांचे बालमित्र साक्षीदार घेऊ नका. वडिलांहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, नागपुरात राहणारे, काही न मिळणारे असे दोघे निवडा. त्यातले एक नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, त्याच दिवशीच्या तारखेचं प्रकृतीचं प्रमाणपत्रही मिळतं. नोटरीचा शिक्का साक्षीदाराची जागा घेत नाही. तो घेतो या समजुतीवर बरीच मृत्युपत्रं पडली आहेत.

सहीच्या दिवशी वकिलाने संपूर्ण मसुदा वडिलांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवा. वडील मराठीत बोलत-लिहीत असतील तर मृत्युपत्र मराठीतच करा. इंग्रजी मजकुराखाली मराठी सही दिसली की उलटतपासणीचा पहिला प्रश्न तिथूनच निघतो. प्रत्येक पानावर सही, खाडाखोडीपाशीही सही, शेवटच्या पानावर सहीच्या वर कोरी जागा नको. हात थरथरत असेल तर सही आणि अंगठा दोन्ही घ्या, आणि का घेतले ते लिहा. वाचन आणि सही मोबाइलवर चित्रित करणं बरं, पण फायदा मिळणारा मुलगा चौकटीत नको, आणि मागून 'हो म्हणा बाबा' असा आवाजही नको.

नोंदणी ऐच्छिक आहे. तरी करा. दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठा आणि ओळख होते, त्यामुळे 'सही त्यांची नव्हतीच' हा वाद लंगडा होतो. मानसिक स्थिती ठीक होती का, दबाव होता का, हे वाद मात्र नोंदणीने संपत नाहीत. बाकीचे दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदवावे लागतात, मृत्युपत्राला मुदत नाही. वडील अंथरुणावर असतील तर अर्ज देऊन अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. त्या दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल वडील हयात असेपर्यंत फक्त त्यांना किंवा त्यांच्या अधिकृत प्रतिनिधीलाच मिळते, त्यामुळे भावंडांना आधीच कळेल ही भीती नको. नोंदणीच नको असेल तर सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देता येतं. याची नागपुरात फार कमी लोकांना माहिती आहे. नंतर मन बदललं तर नोंदलेलं मृत्युपत्रही नव्या मृत्युपत्राने रद्द होतं. नवं मात्र नोंदूनच करा, नाहीतर दोन कागदांची झुंज लागते.

'त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, दोनशे रुपयांत होतं' हा सल्ला तुम्हाला मिळेलच. राहतं घर किंवा शेती पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात, मयत मुलाची पत्नी यांना दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे खरं. त्यावर स्थानिक अधिभार किती लागतो हे आधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, तो आकडा दोनशेपेक्षा बराच मोठा असू शकतो. पैशाहून मोठी गोष्ट अशी की बक्षीसपत्र परत घेता येत नाही. करायचंच असेल तर 'देणाऱ्याच्या मूलभूत गरजा व सुखसोयी घेणाऱ्याने पुरवाव्यात' ही अट दस्तात लिहून घ्या. तीच अट असेल तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली दस्त रद्द करण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाता येतं. अट नसल्यामुळे दाद नाकारली गेल्याचा २०२२ चा सुदेश छिकारा निकाल आहे. २०२५ च्या जानेवारीत उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालय अधिक उदार झालं, पण त्याच्या भरवशावर अट गाळू नका. नझूल आणि प्रन्यासच्या पट्ट्यावरच्या जागेचं बक्षीसपत्र करण्याआधी परवानगी लागते का, ते पट्ट्यातच वाचावं लागतं.

ठेवी आणि शेअर्सना नॉमिनी आहे म्हणून ते मृत्युपत्रातून वगळू नका. नॉमिनी म्हणजे पैसा स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पक्कं केलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा, निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत. नॉमिनीही नाही आणि मृत्युपत्रही नाही, तर वारसा प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींची वाट, असा प्रवास ठरलेला.

वकिलाने तुमचा व्यक्तिगत कायदा विचारला पाहिजे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो, आणि नागपुरात हे माहीत नसलेला वकील सहसा सापडणार नाही. अनुसूचित जमातींना मात्र तो कायदा सरसकट लागू नाही. गोंड कुटुंबाचं काम असेल तर रूढी, आणि जमीन असेल तर आदिवासींच्या जमीन हस्तांतरावरचं महसूल संहितेचं कलम ३६ व ३६-अ जाणणारा वकील लागतो. मुस्लिम पक्षकाराला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती व्यक्तीचं मृत्युपत्र नंतर लग्न केलं की रद्द होतं, हिंदूचं होत नाही. यातलं एक जरी चुकलं तरी छान टाइप केलेला कागद निरुपयोगी.

वडिलांच्या पश्चात काय, तेही आताच विचारून ठेवा. हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची जुनी सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांपुरती होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तीही काढून टाकली गेली. नागपूरच्या घराला आणि काटोलच्या शेताला ती नव्हतीच. पुण्यातल्या भावाला कुणी 'प्रोबेटशिवाय चालत नाही' असं मुंबईच्या अनुभवावरून सांगितलं तर घाबरू नये. शेताच्या नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यू दाखला आणि मृत्युपत्रासह अर्ज द्यावा लागतो. मग हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. हरकत आली तर प्रकरण तहसीलला वादग्रस्त म्हणून जातं. मृत्युपत्र खरं की खोटं हे महसुली अधिकारी ठरवू शकत नाही, तेव्हा दिवाणी दाव्याची तयारी ठेवावी लागते. घराचं नाव चढवायला नगर भूमापन कार्यालय, महापालिकेचा कर विभाग आणि महावितरण असे तीन वेगळे अर्ज. एकाने दुसरं आपोआप होत नाही.

राहता राहिली अमेरिकेतली बहीण. तिला मृत्युपत्राच्या वेळी यायची गरज नाही, तिची संमतीही लागत नाही. तिला काही मिळणार असेल तर नाव पासपोर्टप्रमाणे लिहा, लग्नापूर्वीचं आडनावही सोबत द्या. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येते, त्यामुळे बागेत तिचा हिस्सा ठेवायला अडचण नाही. पुढे तिने हक्कसोडपत्र करायचं ठरवलं तर मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा आंतरराष्ट्रीय प्रमाणशिक्का) करून पाठवावं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. ते मुखत्यारपत्र तिच्या एकटीचं असतं. वडिलांनी तुम्हाला दिलेलं मुखत्यारपत्र मात्र त्यांच्या मृत्यूच्या क्षणी संपतं. त्यानंतर त्यावर बँकेतून पैसे काढले किंवा सह्या केल्या तर मृत्युपत्र कितीही चोख असलं तरी प्रकरण फौजदारीकडे वळू शकतं.